पाचखेडची पांढरी

यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगाव तालुक्यात पाचखेड नावाचं गाव आहे आणि गावाबाहेर एक टेकाड आहे. वऱ्हाडात अशी टेकाडं जागोजाग दिसतात. लोक त्यांना पांढरी म्हणतात, वर पडका बुरूज किंवा भिंत उरली असेल तर गढी. पावसाळ्यात उतारावरून खापरं वाहून खाली येतात, एखादा मणी चमकतो आणि गावात गुप्तधनाच्या गप्पा नव्याने सुरू होतात. पाचखेडच्या टेकाडात २०२३-२४ मध्ये खरंच खोदकाम झालं, पण हंड्यासाठी नव्हे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व विभागाने डॉ. प्रबाश साहू यांच्या नेतृत्वाखाली ते केलं. तळाशी हाती लागलं ते एक घर. गोल आकाराचं, चुनखडीची जमीन केलेलं, आत चूल आणि कडेने लाकडी खांब रोवल्याच्या खळग्या. वय सुमारे तीन हजार वर्षं.

सोबत खापरं होती, लोखंडी वस्तू होत्या, मौल्यवान नसले तरी देखण्या दगडांचे मणी होते, भाजलेल्या मातीच्या आणि हाडाच्या वस्तू होत्या. गुप्तधनवाल्यांच्या दृष्टीने सगळा कचराच. पण विदर्भात माणूस कसा स्थिरावला, शेती-लोखंड-बाजारपेठ या वाटेने नगरापर्यंत कसा पोचला, हे समजायला असाच कचरा लागतो.

पांढरी ही मुळात नैसर्गिक टेकडी नसते. मातीचं घर पन्नास-साठ पावसाळ्यांत खचतं. ते उचलून कुणी दूर टाकत नाही. तीच माती सपाट करून वर नवं घर बांधतात. त्यात चुलीची राख, शेण, फुटकी मडकी, हाडं यांची भर पडत जाते. राखेने आणि चुन्याने मातीचा रंग आसपासच्या काळ्या रानापेक्षा फिका होतो. पाचखेडला असा साचलेला थर पावणेनऊ मीटरच्या आसपास भरला, म्हणजे जवळजवळ तीन मजली इमारतीइतका.

वरून खाली उतरत गेलं की इतिहास उलटा वाचता येतो. सगळ्यात वर निजामाचा काळ. १७२४ साली साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर वऱ्हाडावर निजामाचा अंमल बसला (वसुलीत पुढे नागपूरकर भोसल्यांचाही वाटा होता, तो दुहेरी कारभार हा निराळा विषय) आणि १८५३ च्या तहाने हा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. निजामी काळात हे उंच टेकाड टेहळणीसाठी वापरलं जात होतं. त्याखाली मध्ययुगीन वस्ती, त्याखाली सातवाहन काळातली, आणि सर्वांत खाली लोहयुग. राजवटी बदलल्या, तरी माणसं फिरून त्याच जागी आली. कारण साधं असावं: पाणी जवळ, जमीन कसदार, आणि आधीच्या वस्तीमुळे उंचवटा आयता तयार, म्हणजे पुराची भीती कमी.

इथे पुरातत्त्वाच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ‘तीन हजार वर्षं’ हा आकडा कुणी हवेतून काढत नाही. लाकडी खांब कधीच कुजून जातो, पण तो जिथे रोवला होता तिथली माती आजूबाजूपेक्षा मऊ आणि गडद राहते. कसलेला खोदणारा खुरप्याने पातळ थर खरवडतो तेव्हा असे गोल डाग वर्तुळात उमटतात आणि घराचा घेर कळतो. खापरांचंही तसंच. काठावर आणि आतून काळं, बाहेरून तांबडं असं भांडं विदर्भाच्या लोहयुगात सर्रास आढळतं. भांडं पालथं घालून तोंडाकडचा भाग भुशात किंवा राखेत बुजवून भाजला, तर तिथे हवा पोचत नाही आणि तो काळा होतो. उघडी बाजू तांबडी निघते. चुलीतला कोळसा याहून बोलका. झाड जिवंत असताना हवेतला किरणोत्सर्गी कार्बन घेत असतं, मेलं की घेणं थांबतं, आणि साठलेला कार्बन दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. किती उरला ते मोजलं की लाकूड कधी तोडलं हे कळतं. पाचखेडचे नमुने अशाच तपासणीसाठी दिल्लीच्या प्रयोगशाळेकडे पाठवण्यात आले.

पाचखेडच्या त्या घरातली चूल पेटली तेव्हा माणूस या उपखंडात नवखा नव्हता. तमिळनाडूत अत्तिरमपक्कम इथल्या दगडी हातकुऱ्हाडी १५ लाख वर्षांच्या आसपासच्या ठरल्या आहेत. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातल्या कुकडी नदीकाठी, बोरीला, ज्वालामुखीच्या राखेच्या थरासोबत हत्यारं मिळाली; त्या राखेच्या वयावर अभ्यासकांचा वाद रंगला. यवतमाळचा बराचसा भाग दख्खनच्या लाव्हाने घडलेला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत अकीक, गारगोटी, जास्पर असे कठीण, चकचकीत दगड तयार झाले. शेतात ते नांगराला आडवे येतात, पण अश्मयुगातल्या माणसासाठी तेच खरं धन होतं. त्यांच्यावर नेमका घाव घातला की वस्तऱ्यासारखी धारदार पाती निघतात. मध्याश्मयुगात माणूस नखाएवढी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंकाने बसवून बाण आणि विळे बनवू लागला. एक पातं तुटलं तर तेवढंच बदलायचं, अख्खं हत्यार फेकायचं नाही. हा विचार आजच्या यंत्रांच्या सुट्या भागांपेक्षा फार वेगळा नाही.

मग शेती आली. शाळेच्या पुस्तकात ती एखाद्या शोधासारखी येते: माणसाने दाणे पेरले, पीक आलं, सुखी झाला. प्रत्यक्षात हा व्यवहार बराच महागात पडला. जगभरच्या अनेक ठिकाणी सुरुवातीच्या शेतकऱ्यांचे सांगाडे शिकाऱ्यांपेक्षा ठेंगणे निघतात, दात किडलेले असतात. पण धान्य साठवता येतं, मुलं जास्त जगवता येतात, आणि एकदा लोकसंख्या वाढली की परत रानात जायची सोय राहत नाही. पश्चिम आशियात हे ११ हजार वर्षांपूर्वी सुरू झालं. आजच्या पाकिस्तानातल्या मेहरगढला सुमारे ९ हजार वर्षांपूर्वी गहू, जव आणि पाळीव जनावरं होती. तिथल्याच एका तांब्याच्या मण्यात कापसाचा धागा अडकलेला मिळाला. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्याने लक्षात ठेवावा असा हा दोरा आहे, कारण देशी कापसाचं घर याच उपखंडात.

यवतमाळच्या रानातली बाकीची पिकं मात्र दूरदूरची पाहुणी आहेत. ज्वारी आफ्रिकेतून आली. सुदानच्या बाजूला ती पाच हजार वर्षांपूर्वी माणसाळली. गहू आणि जव पश्चिमेकडून आले. सोयाबीन मूळचं चीनकडचं, इथे फोफावलं ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तूर तेवढी भारतातली. आपली म्हणून मिरवली जाणारी भाकर हजारो वर्षांच्या देवघेवीतून ताटात पडली आहे, आणि संस्कृती वाढते ती याच रीतीने.

महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकरी गावांचं सगळ्यात तपशीलवार चित्र पुणे जिल्ह्यातल्या इनामगावात मिळालं. १९६८ पासून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत डेक्कन कॉलेजने तिथे खोदकाम केलं, ह. धी. सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही नावं त्याच्याशी जोडलेली आहेत. इ. स. पू. १६०० ते ७०० हा तिथला काळ. तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं, म्हणून ताम्रपाषाणयुग. विदर्भात याच काळाचं खेडं अमरावती जिल्ह्यातल्या तुळजापूर गढीला सापडलं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बा. पु. बोपर्डीकरांनी १९८४-८५ मध्ये ते उजेडात आणलं. पाचखेडच्या लोहयुगीन माणसांच्या आधी वऱ्हाडात शेती रुळली होती, याचा हा पुरावा.

इनामगावची एक गोष्ट इथे मुद्दाम सांगायला हवी. आधी तिथे ऐसपैस चौकोनी घरं होती. इ. स. पू. १००० च्या सुमारास पाऊसमान बिघडलं असावं. त्यानंतरच्या थरात लहान गोल झोपड्या दिसतात. खोदणाऱ्यांनी याचा अर्थ असा लावला की लोक गरीब झाले, अर्धवट भटके झाले. निष्कर्ष इनामगावपुरता पटण्याजोगा आहे. पण त्यावरून चौकोनी घर म्हणजे प्रगती आणि गोल घर म्हणजे अधोगती असा नियम करायला गेलं, तर विदर्भात तो मोडून पडतो. इथल्या लोहयुगीन वस्त्यांत गोल घरं पुन्हापुन्हा मिळतात, आणि त्या गोल घरांत राहणारी माणसं लोखंड वापरत होती, जे इनामगावच्या चौकोनी घरवाल्यांना माहीत नव्हतं. पाचखेडच्या घराची तर जमीनही चुनखडीने पक्की केलेली. घराच्या आकारावरून माणसाची उंची मोजू नये, हे पुरातत्त्वातही खरं आहे.

लोखंडाचं कसब म्हणजे काय, हे कळण्यासाठी नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठच्या नैकुंडला जावं लागतं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी तिथे खोदकाम केलं तेव्हा लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, इ. स. पू. सातव्या शतकाच्या आसपासची. लहानशी, गोल, मातीच्या वक्र विटांची, सोबत हवा फुंकायच्या नळ्या आणि आसपास लोखंडाची मळी. शुद्ध लोखंड वितळायला १,५३८ अंश सेल्सिअस तापमान लागतं. तेवढी उष्णता या भट्टीत होणं शक्यच नव्हतं. लोहारांनी ते वितळवलंच नाही. खनिज आणि लोणारी कोळसा एकत्र पेटवून भात्याने हवा मारत राहिलं की १,२०० अंशांच्या आसपास कोळशातला वायू खनिजातला प्राणवायू ओढून घेतो आणि तळाशी स्पंजासारखा सच्छिद्र लोखंडाचा गोळा उरतो. तो लाल असतानाच ठोकून ठोकून मळी बाहेर काढायची. कोणतं खनिज, किती कोळसा, किती वेळ भाता, कोणत्या रंगावर ठोकायला घ्यायचं, हे सगळं लिपीशिवाय, बापाकडून मुलाकडे चालत आलेलं ज्ञान. त्याला तंत्रज्ञान न म्हणणं हा केवळ शहरी अहंकार.

माहुरझरी, जुनापाणी, टाकळघाट-खापा ही नागपूरजवळची नावं याच लोहयुगीन लोकांशी निगडित आहेत. तिथे मोठ्या दगडांची वर्तुळं करून त्यात मृतांना पुरत. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने जुनापाणीची वर्तुळं उकरली. पुढे माहुरझरीला शां. भा. देव यांनी शास्त्रशुद्ध काम केलं. मृतासोबत लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, अकिकाचे मणी आणि घोडे. घोड्यांच्या तोंडावर तांब्याचे दागिने होते. घोडा पोसणं, त्याला तांब्याने मढवणं आणि मालकासोबत पुरणं ज्याला परवडतं तो चारचौघांसारखा नव्हता. समाजात वरचा-खालचा असा भेद पडू लागल्याचा हा स्पष्ट पुरावा.

एका बाबतीत पाचखेडचं लोखंड अधिक बोलकं आहे. बाभुळगावच्या बाजूला सगळा काळा लाव्हाचा दगड, आणि त्यात लोखंड गाळण्याजोगं खनिज नसतं. विदर्भातले मोठे साठे पूर्वेला, चंद्रपूर-गडचिरोलीकडे, लोहारा आणि सुरजागडच्या बाजूला आहेत. तेव्हा पाचखेडला लोखंड बाहेरून आलं असणार, खनिज म्हणून, गोळा म्हणून किंवा तयार हत्यार म्हणून. बदल्यात काय गेलं असेल? धान्य, जनावरं, आणि कदाचित त्या लाव्हाच्या पोकळ्यांतले दगडही. अकीक हळूहळू तापवला की तांबडा होतो, मग घासून, भोक पाडून मणी करायचा. माहुरझरीला मण्यांचा मोठा कारखानाच होता. अश्मयुगात ज्या दगडाची पाती निघत होती त्याच दगडाचा आता दागिना झाला, तेवढाच फरक.

लोखंडामुळे विदर्भाची काळी जमीन नांगराखाली आली, असं पूर्वी सरसकट लिहिलं जाई. ते अर्धंच खरं आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वरची भुसभुशीत माती भेगांत पडते आणि रान आपसूक वरखाली होतं. लोखंड नसतानाही ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांनी ती पिकवली. लोखंडाने रान तोडणं आणि तण काढणं सोपं केलं. वखराच्या लोखंडी पासेने हरळी मुळासकट निघते, दगडी पात्याने निघत नाही. नदीकाठ सोडून आत सरकायला त्यामुळे बळ मिळालं.

मग या सगळ्याला ‘सभ्यता’ म्हणायचं का? १९५० साली गॉर्डन चाइल्ड या पुरातत्त्वज्ञाने नागरी संस्कृतीच्या खुणांची यादी केली: दाट वस्तीचं शहर, शिलकी धान्य, भव्य वास्तू, लिपी, कर, पूर्णवेळ कारागीर, दूरचा व्यापार वगैरे. इराकमधलं उरुक इ. स. पू. ३५०० च्या पुढे या यादीत चपखल बसलं. मोहेंजोदडो इ. स. पू. २६०० ते १९०० या काळात बसलं. विदर्भाचं लोहयुगीन खेडं बसत नाही. पण याच यादीची पंचाईत तुर्कस्तानातल्या गोबेकली टेपेने केली: तिथे सुमारे साडेअकरा हजार वर्षांपूर्वी, शेती रुळण्याआधीच, माणसांनी नक्षीदार दगडी खांब उभारले होते. यादीतल्या गोष्टी सगळीकडे एकाच क्रमाने येत नाहीत. विदर्भात सिंधूसारखं शहर ताम्रयुगात झालं नाही. इथलं नगर आलं ते लोखंडानंतर, आणि खेड्यांच्या पाठीवर आलं.

ते कसं, हे नागपूर जिल्ह्यातल्या आदमला एकाच जागी दिसतं. १९८८ पासून अमरेंद्र नाथ यांनी तिथे खोदकाम केलं. तळाशी मध्याश्मयुगाची सूक्ष्म हत्यारं, वर ताम्रपाषाणयुग, मग लोहयुग, मग मौर्यकाळाच्या आगेमागे तटबंदी आणि खंदक असलेलं नगर, आणि शेवटी सातवाहन. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला इ. स. पू. तिसऱ्या शतकाच्या सुमारास बौद्ध स्तूप उभे राहिले, त्यांच्यावर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावं आली. चंद्रपूर जिल्ह्यात देवटेक इथे अशोकाच्या काळातला प्राणिहत्या मना करणारा लेख मिळाला. यवतमाळच्या सीमेला लागून असलेल्या अमरावती जिल्ह्यात, वर्धा नदीच्या काठी, रुक्मिणीचं माहेर म्हणून पालखी निघते ते कौंडिण्यपूर. तिथे मोरेश्वर दीक्षितांनी १९६० च्या दशकात जुनी वस्ती खणून काढली. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात विदर्भाच्या राज्याची वाटणी होते आणि वरदा, म्हणजे वर्धा, ही दोन भावांमधली सीमा ठरते. आजही हीच नदी यवतमाळची पूर्वेकडची हद्द आखते.

सातवाहनांच्या काळात नाण्यांचा व्यवहार इतका पसरला की १९३९ साली आजच्या वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला त्यांची दीड हजारांवर नाणी एकाच ठिकाणी मिळाली. पाचखेडचा सातवाहन थर हा त्याच जगाचा भाग. गाव छोटंच राहिलं, पण बाजार, नाणं आणि राजसत्ता त्याच्या वेशीपर्यंत पोचली होती.

एक गैरसमज मात्र इथे दूर करायला हवा. यवतमाळच्या झरी, केळापूर, मारेगाव भागात कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. शासनाच्या दफ्तरी कोलाम ‘आदिम जमात’ म्हणून नोंदलेले. त्यावरून त्यांना अश्मयुगाचा जिवंत नमुना समजण्याची खोड अनेक अभ्यासकांनाही होती. मोहफुलं वेचणं, चारोळी गोळा करणं आणि सोबत शेती करणं हे मागासपण नव्हे. लहरी पावसाच्या मुलखात एकाच पिकावर न विसंबण्याची ती हुशारी आहे. पाचखेडच्या लोहयुगीन घरातली माणसंही पिकासोबत रानावर जगली असणार, कारण त्या काळात दुसरा विमा नव्हता. गावकरी शेतकरी आणि रानातली माणसं एकाच वेळी, शेजारी शेजारी, एकमेकांशी देवघेव करत राहिली. एक संपली आणि दुसरी आली, असं झालंच नाही.

आता खरी अडचण सांगितली पाहिजे. पांढरीची माती खत म्हणून चांगली, लिंपायलाही चांगली, त्यामुळे गावोगावच्या पांढऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने उपसल्या गेल्या आणि जातही आहेत. रात्रीतून गुप्तधनासाठी खड्डे पाडणारे निराळेच. एकदा थर उलटापालटा झाला की त्यातलं खापर कोणत्या काळातलं हे कुणालाच सांगता येत नाही, कारण वस्तूला अर्थ असतो तो ती कोणत्या थरात, कशाशेजारी होती यामुळे. पुरातत्त्वज्ञदेखील टेकाड पूर्ण खणत नाहीत. पुढच्या पिढीला चांगली साधनं मिळतील म्हणून काही भाग मुद्दाम राखून ठेवतात.

तेव्हा आपल्या गावाजवळच्या पांढरीवर खापरं, मणी, लोखंडाची मळी किंवा नाणी दिसली तर ती जागेवरून हलवू नयेत, फोटो काढून तहसील कार्यालयाला, राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा नागपूर विद्यापीठाच्या विभागाला कळवावं. जमिनीत पुरून ठेवलेलं, दहा रुपयांहून अधिक मोलाचं काही सापडलं तर त्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणं १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे, आणि तो कायदा अजूनही लागू आहे.